जुन्या मोटारसायकलीची साखळी व तिचीं दुखणीं

नाशिकहून त्र्यंबकेश्वर मागें टाकून पश्चिमेकडे वळलें म्हणजे रस्ता डोंगरांच्या घड्यांतून वरखालीं होत हरसूलकडे उतरूं लागतो. हा सर्व मुलूख आदिवासींचा. कोकणा, वारली, महादेव कोळी ह्या लोकांची वस्ती मोठ्या गांवांपेक्षां पाड्यांतूनच अधिक. पावसाळा दांडगा, आणि पिकें नागली, वरई, भात हीं. भाताची कापणी आटोपली कीं ह्या भागांतील पुष्कळ कुटुंबें दिंडोरी-निफाडकडे द्राक्षबागांच्या मजुरीस जातात. एसटीची गाडी मोठ्या रस्त्यानें येते व जाते. पाड्यापासून त्या रस्त्यापर्यंतची वाट ज्याची त्यानेंच काटावयाची असते. असल्या मुलखांत दुसऱ्या-तिसऱ्या हातची जुनी फटफटी ही चैनीची वस्तु नव्हे. तिच्यावरून बियाण्याचें पोतें येतें, मजुरीला जाणारे दोघे-तिघे एकदम जातात, आणि रात्रीं-अपरात्रीं तापानें फणफणलेलें मूल दवाखान्यापर्यंत तिच्याच पाठीवर पोंचतें.

अशी गाडी चढाच्या मध्यावर अडली, तर पुष्कळदां इंजिन चालूच असतें. मूठ पिळली कीं आवाज वाढतोहि. पण मागचें चाक कांहीं फिरत नाहीं. इंजिनापासून चाकापर्यंत शक्ति वाहून नेणारी जी सामग्री, म्हणजे इंजिनाजवळची प्रायमरी चेन, क्लच, गिअरबॉक्स, मागची चेन आणि तिचीं दोन दातेरी चाकें, तींत कोठें तरी दुवा निखळलेला असतो. ह्या दुव्याचा इतिहास मनोरंजक तर आहेच, पण जुन्या गाडीचें दुखणें ओळखण्यासहि तो उपयोगी पडतो. कारण आज ज्या खोडी मिस्त्रीला छळतात, त्यांतील बहुतेक त्या यंत्राच्या बाळपणापासूनच त्याच्या अंगीं आहेत.

१८८५ सालीं जर्मनींत गोटलीब डाइमलर यानें लांकडी सांगाड्याची जी इंजिनाची दुचाकी केली, तींत शक्ति पट्ट्यानें मागें नेलेली होती. पुढें १८९४ मध्यें म्युनिक येथें हिल्डेब्रांड आणि वोल्फम्युलर यांनीं विक्रीसाठीं पहिली मोटारसायकल काढली. तींत पट्टाहि नव्हता. आगगाडीच्या इंजिनाप्रमाणें दट्ट्याचे दांडे थेट मागच्या चाकाला जोडलेले होते. क्लच नाहीं, गिअर नाहीं. गाडी थांबली कीं इंजिनहि थांबलें! ह्यानंतरचीं पंधरा-वीस वर्षें पट्ट्याचींच होतीं. चामड्याचा पट्टा आवाज करीत नसे, धक्का देत नसे. पण पावसांत भिजला कीं घसरे, आणि चढ लागला म्हणजे स्वाराला खालीं उतरून गाडीबरोबर धांवावें लागे.

साखळी त्याच सुमारास उपलब्ध होती, हें विशेष. स्वित्झर्लंडमध्यें जन्मलेल्या व मँचेस्टर येथें कारखाना काढलेल्या हान्स रेनॉल्ड यानें १८८० सालीं बुश व रोलर असलेली साखळी सिद्ध केली. तिची रचना अशी: दोन पट्ट्यांमध्यें एक पोकळ नळी, म्हणजे बुश, बुशाच्या आंतून जाणारी पोलादी खीळ, म्हणजे पिन, आणि बुशावर मोकळें फिरणारें रोलर. चाकाचा दांता रोलरावर येतो आणि रोलर फिरतें, त्यामुळें दांता घासत नाहीं. आज हरसूलच्या बाजारांत जी चेन मिळते ती ह्याच रचनेची आहे. एवढी चांगली वस्तु हाताशीं असून मोटारसायकलवाले तिला कां भीत? तर साखळी ताणली जाऊन घसरत नाहीं, हाच तिचा दोष मानला जाई. इंजिनाचा प्रत्येक हिसका ती चाकापर्यंत जसाच्या तसा पोंचविते.

हा वाद १९११ सालीं आयल ऑफ मॅन बेटावर बहुतांशीं मिटला. त्या वर्षीं तेथील प्रसिद्ध शर्यत प्रथमच स्नेफेल डोंगराच्या वळसेदार रस्त्यावर झाली, आणि मोठ्या गाड्यांच्या शर्यतींत पहिले तिन्ही क्रमांक ‘इंडियन’ गाड्यांनीं पटकाविले. (हें अमेरिकेंतील एका कारखान्याचें नांव होय, आमच्या देशानें तोंपर्यंत एकहि मोटारसायकल घडविली नव्हती.) ह्या गाड्यांना दोन गिअर होते व मागें साखळी होती. डोंगर चढावयाचा तर साखळी हवी, हें तेथें सर्वांच्या डोळ्यांसमोर सिद्ध झालें. हिसक्यावरचा उपायहि निघाला. कोणी स्प्रिंग घातली, तर रॉयल एनफील्डच्या कारखान्यानें मागच्या चाकाच्या तुंब्यांत रबराच्या गाद्या बसविल्या. त्या गाद्या बुलेटमध्यें अजून आहेत.

आमच्याकडे ह्या विद्येचा प्रसार मुख्यतः तीन गाड्यांनीं केला. भारतीय लष्करानें सरहद्दीच्या गस्तीसाठीं बुलेट निवडली, आणि १९५५ सालीं मद्रासेस एनफील्ड इंडिया ही कंपनी निघाली. आरंभीं इंग्लंडांतील रेडिचहून सुटे भाग आणून येथें जोडीत; पुढें सर्वच भाग येथें होऊं लागले. रेडिचचा कारखाना १९६७ मध्यें बंद पडला, मद्रासची गाडी मात्र चालूच राहिली. दुसरी गाडी जावा. रुस्तम इराणी आणि फारूख इराणी हे मुंबईस झेकोस्लोव्हाकियाच्या जावा गाड्या आयात करीत. आयातीवर निर्बंध आले तेव्हां त्यांनीं म्हैसूर येथें आयडियल जावा कंपनी स्थापून १९६१ सालीं कारखाना सुरू केला. १९७३ पासून तीच गाडी येझदी ह्या नांवानें निघूं लागली. तिसरी राजदूत. ती पोलंडच्या एस. एच. एल. गाडीवरून एस्कॉर्ट्स कंपनीनें घडविली. तीन गिअरांची, सावकाश चालणारी, पण ओझ्याला कधीं नाहीं न म्हणणारी. दूधवाल्यांनीं आणि शेतकऱ्यांनीं ती गाढवासारखी राबविली, हें म्हणण्यांत तिचा अपमान नाहीं.

पुण्याजवळ आकुर्डीस बजाजच्या स्कूटरी ह्याच काळांत होत होत्या, आणि स्कूटरला चेनच नसते. तिचें मागचें चाक गिअरबॉक्सच्या दांड्यावरच बसविलेलें असतें. चेनची कटकट नाहीं, हें खरें. पण तिचीं लहान चाकें चिखलांत रुततात व खडकाळ वाटेवर ठेचाळतात. म्हणून डोंगराळ मुलखानें चेनच्या सर्व कटकटी पत्करून मोटारसायकलच जवळ केली.

आतां दुखण्यांकडे वळावयास हरकत नाहीं. जाणता मिस्त्री प्रथम पान्याला हात लावीत नाहीं, तो ऐकतो. गाडी न्यूट्रलमध्यें उभी असतां इंजिनाच्या बाजूनें खडखड येते, आणि क्लच दाबतांच ती बदलते किंवा थांबते, तर दोष क्लच किंवा गिअरबॉक्सच्या पुढच्या दांड्याकडे आहे. इंजिन बंद करून उतारावर गाडी सोडली आणि तरीहि चाकाच्या फेऱ्याबरोबर कट्-कट् येत राहिली, तर दोष चेन, तिचीं चाकें किंवा चाकाच्या बेअरिंगमध्यें आहे. इंजिनाचा त्यांत कांहीं अपराध नाहीं. ही साधी परीक्षा न करतां इंजिन खोलल्यामुळें कित्येक गरिबांचे द्राक्षबागेंत मिळविलेले पैसे व्यर्थ गेले असतील. बुलेटचें उदाहरण तर नेहमीचें आहे. तिची प्रायमरी चेन दुपदरी असून डाव्या झांकणाच्या आंत तेलांत फिरते. ती सैल झाली कीं झांकणावर आपटते, आणि तो आवाज हुबेहूब पिस्टन वाजल्यासारखा येतो. झांकणाच्या छिद्रांतून बोट घालून पाहिलें तर क्षणांत उलगडा होतो. ताण देणारी पट्टी किंचित वर घेतली कीं काम झालें.

मागची चेन ‘लांबते’ असें सर्व म्हणतात. वस्तुतः पोलादी पट्ट्या ताणल्या जात नाहींत. झिजतात त्या पिना आणि बुश. अर्धा इंच अंतराच्या चेनचे चोवीस दुवे नवे असतां बरोबर बारा इंच भरतात. प्रत्येक सांधा एक शतांश इंच जरी झिजला, तरी तेच चोवीस दुवे सव्वाबारा इंचांच्या जवळ जातात. हें झालें म्हणजे ती चेन टाकण्याजोगी समजावी. ती दांत्यांच्या खांचेंत न बसतां वर चढूं लागते, आणि दांते एका बाजूस वांकून आंकड्यासारखे होतात. मागच्या चाकावरील चेन बोटानें मागें ओढून पाहावी. तिच्याखालीं अर्ध्याहून अधिक दांता उघडा दिसला तर निदान पक्कें समजावें. येथें एक काटकसर फार महाग पडते. चेन नवी घ्यावयाची आणि दोन्ही स्प्रॉकेटें जुनींच ठेवावयाचीं, असा पुष्कळांचा व्यवहार असतो. पण वांकलेले दांते नव्या चेनला कांहीं महिन्यांतच जुनी करून सोडतात. तिन्ही वस्तु एकदम बदलाव्या हेंच स्वस्त. कोइमतूर आणि मद्रास येथील कारखान्यांच्या चेना आज तालुक्याच्या दुकानांतहि मिळतात, तेव्हां सबब नाहीं.

चेन सैल असावी कीं घट्ट, ह्याविषयीं हरसूलसारख्या ठिकाणीं विशेष सांगणें अवश्य आहे. चाक हातानें फिरवीत जाऊन जेथें चेन सर्वांत घट्ट लागते तेथें मोजावें, आणि खालच्या बाजूस मध्यावर ती पाऊण ते एक इंच वरखालीं हलावी. दुकानांत रिकाम्या गाडीची चेन तंतोतंत कसून दिली, आणि घरीं जातांना तीवर तिघे बसले, म्हणजे काय होतें? मागचे स्प्रिंग दबतात, चाक वर सरकतें, आणि गिअरबॉक्सच्या दांड्यापासून त्याचें अंतर वाढून चेन तारेसारखी ताणली जाते. तो ताण गिअरबॉक्सच्या बेअरिंगवर पडतो. पुढच्या स्प्रॉकेटभोंवतीं तेलाचा ओघळ दिसूं लागला, तर बेअरिंग सैल होऊन ऑइलसील गळूं लागल्याची ती खूण असते. सैल चेन आवाज करून आपला दोष सांगते; घट्ट चेन मुकाट्यानें गिअरबॉक्स खाते. मिस्त्रीनें म्हणूनच गाडीवर नेहमीचें ओझें बसवून ताण पाहावा.

चेन कसतांना मागचें चाक मागें ओढलें जातें. दोन्ही बाजूंचे बोल्ट सारखे न फिरविल्यास चाक तिरकें बसतें आणि चेन स्प्रॉकेटच्या कडेला घासते. एक लांब दोरी मागच्या टायरला लावून पुढच्या टायरपर्यंत ताणून धरली, कीं तिरकेपणा तत्काळ कळतो. ह्याला कोणतेंहि महागडें उपकरण लागत नाहीं. ह्याच वेळीं ब्रेकचा दांडाहि तपासला पाहिजे. चाक मागें गेलें कीं दांडा ओढला जाऊन ब्रेक आपोआप धरून बसतो, ड्रम तापतो, आणि उतारावर खऱ्या गरजेच्या वेळीं तोच ब्रेक लागेनासा होतो. चेन दुरुस्त करून ब्रेक न पाहणें ही घाटांतील मोठी चूक होय. तशांत चेनच तुटली, तर इंजिनाचा अडसरहि नाहींसा होतो. गिअर कितीहि पाडले तरी गाडी केवळ ब्रेकवर राहते. तुटलेली चेन पुढच्या स्प्रॉकेटभोंवतीं गुंडाळली जाऊन चाक जागच्या जागीं अडकतें तें निराळेंच. अशा वेळीं इंजिनाचें कवचहि फुटतें.

साखळीचा ह्या भागांतील खरा शत्रु चिखल. पावसाळ्यांत रस्त्याची माती पाण्याबरोबर दुव्यांत शिरते, आणि वर वापरलेलें काळें तेल ओतलें कीं त्या दोहोंची सहाणेसारखी लुकटी होते. तेल घातल्याचें समाधान मिळतें, झीज मात्र दुप्पट होते. राकेलानें धुऊन, पुसून, वाळवून, मग स्वच्छ तेल आंतल्या बाजूनें, रोलर व पट्टी ह्यांच्या सांध्यांत सोडावें. वरच्या पाठीवर ओतलेलें तेल चाकाच्या फेऱ्याबरोबर कपड्यांवर उडतें. जावा व राजदूत ह्या गाड्यांना चेनवर संपूर्ण झांकण असे. पुष्कळांनीं तें वाजतें म्हणून काढून टाकलें, आणि ज्या वस्तूनें चेनचें आयुष्य राखलें होतें ती भंगारांत गेली.

क्लचचीं दुखणीं दोन, आणि तीं परस्परांच्या उलट. चढावर इंजिन भरारा फिरतें पण गाडी वेग घेत नाहीं, तर क्लच सटकतो आहे. उलटपक्षीं, क्लच पूर्ण दाबूनहि गिअर करकर वाजून पडतो, न्यूट्रल सांपडत नाहीं, तर क्लच सुटत नाहीं. पहिल्याची परीक्षा अशी कीं वरच्या गिअरमध्यें ब्रेक धरून क्लच हळूहळू सोडावा. इंजिन बंद पडलें तर क्लच ठीक, चालूच राहिलें तर सटकतो. पण प्लेटा बदलण्यापूर्वीं केबल पाहावी. मुठीजवळच्या दांडीला दोन-तीन मिलिमीटर मोकळीक नसेल, तर नवा क्लचहि सटकेल. दुसरें एक नव्या काळाचें कारण आहे: चारचाकीसाठीं केलेल्या कांहीं तेलांत घर्षण कमी करणारीं द्रव्यें असतात, आणि तेलांत भिजून चालणाऱ्या क्लचला तींच घातक ठरतात. क्लच सुटत नसेल तेव्हां प्लेटांच्या कडांनीं बाहेरच्या डब्यांत पाडलेल्या खांचा पाहाव्या. कानशीनें त्या थोड्या सपाट केल्या तर काम भागतें. जुन्या जावाच्या प्लेटांना बुचाचे तुकडे बसविलेले असत. गाडी पावसाळाभर छपराखालीं उभी राहिली कीं त्या एकमेकींना चिकटत. तें बिघडणें नव्हे. क्लच दाबून, गिअरमध्यें गाडी मागें-पुढें हलविली म्हणजे त्या सुटतात.

जावा-येझदीची रचना खास आठवणींत ठेवण्यासारखी आहे. तिची किक आणि गिअरची दांडी एकच. दांडी आंत दाबून फिरविली कीं तिची किक होते. शिवाय गिअर बदलतांना ती दांडीच क्लच सोडविते, म्हणून हाताची दांडी न दाबतांहि गिअर पडतो. ज्याला हें ठाऊक नाहीं तो क्लचचा बोल्ट अंदाजानें फिरवितो आणि हाताचा क्लच बरोबर झाला तरी पायाचा बिघडतो. ह्या दुघडी इंजिनाचा आणखी एक चकवा आहे. क्रँकवरील ऑइलसील फाटलें, तर इंजिन आपल्या पोटांत गिअरबॉक्सचें तेल ओढून जाळतें. सायलेन्सरमधून पांढरा धूर निघतो. लोक पेट्रोलांतील तेलाचें प्रमाण जास्त झालें असें समजून तें कमी करतात. त्यामुळें पिस्टन तेलावांचून जळतो आणि इकडे गिअरबॉक्स कोरडा पडतो, असा दुहेरी नाश होतो. धूर दिसतांच गिअरबॉक्समधील तेलाची पातळी पाहणें हाच खरा मार्ग; ती आठवड्या-आठवड्यानें उतरत असेल तर सील बदलावें.

चालतां-चालतां गिअर उडूं लागला तर बहुधा गिअरांच्या बाजूच्या दांत्यांच्या कडा गोलावलेल्या असतात, किंवा त्यांना सरकविणारा काटा वांकलेला असतो. ह्या दोहोंसाठीं पेटी उघडावीच लागते. परंतु जुन्या बुलेटमध्यें बाहेरच्या झांकणाखालींच पायाच्या दांडीची चाल नेमून देणारी एक सरकती पट्टी असते. ती हलल्यामुळेंहि गिअर अर्धवट पडतो. आधीं ती पाहावी. मूठ उघडतां-मिटतां मागून धपका बसत असेल, तर बुलेटच्या तुंब्यांतील रबराच्या गाद्या दबलेल्या असतात. गिअरमध्यें गाडी उभी करून मागचें चाक हातानें पुढें-मागें ढकललें, आणि स्प्रॉकेट स्थिर असतां चाकच बोटभर फिरलें, तर गाद्या बदलण्याची वेळ झाली.

डोंगरासाठीं पुढचें स्प्रॉकेट एका दांत्यानें लहान करण्याचीहि चाल आहे. समजा पुढें चौदा व मागें बेचाळीस दांते आहेत, तर पुढच्याचे तीन फेरे होतील तेव्हां चाकाचा एक. पुढें तेरा केले तर तें प्रमाण सव्वातीनच्या जवळ जातें. चढ सोपा होतो, पण सपाटीवर इंजिन अधिक फिरतें व पेट्रोल अधिक लागतें. रोज घाट चढणाऱ्यानें हा सौदा करावा. मजुरीसाठीं निफाडच्या सपाटीवर राहणाऱ्यानें करूं नये.

म्हैसूरचा कारखाना १९९६ सालीं बंद पडला, राजदूतहि पुढें थांबली. २०१८ सालीं जावा व २०२२ सालीं येझदी हीं नांवें पुन्हां बाजारांत आलीं, पण तीं यंत्रें निराळीं आहेत. त्यांचा एकहि सुटा भाग जुन्या गाडीस लागत नाहीं. त्यामुळें जुन्या गाडीचा मिस्त्री आज भंगाराच्या ढिगांतून काटे, झांकणें व किकेचे दांडे शोधीत असतो, आणि जो भाग मिळत नाहीं तो लेथवर करून घेतो. दूरच्या पाड्यावर जाणारा जाणता स्वार सीटखालीं एक जादा जोडकडी, एक चेनलॉक, क्लचची केबल आणि एक पकड बाळगतो. चेनलॉकची पट्टी बसवितांना तिचें बंद तोंड चेन ज्या दिशेनें जाते त्या दिशेस ठेवावें लागतें. उलट बसली, तर कोठल्याशा दगडावर किंवा झांकणावर घासून ती निघून जाते, आणि ही पट्टी नखाएवढीच असल्यामुळें रात्रीच्या अंधारांत, पावसांत, घाटाच्या वळणावर ती पुन्हां सांपडत नाहीं.